अहवालातील ‘पॉझिटिव्ह’ आणि पाच वर्षांची गोळी

गुहागर तालुक्यातील एका भगिनीच्या पत्राचा सारांश :

“माझे वय ४४. गेल्या वर्षी मुंबईत स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, नंतर केमो आणि रेडिएशनही झाले. अहवालात ‘ईआर ८/८, पीआर ६/८, हर-टू निगेटिव्ह’ असे आहे. पाच महिन्यांपासून टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅमची गोळी रोज घेते आणि ती पाच वर्षे घ्यायची आहे. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते, पाळीचा काही नेम राहिलेला नाही. गोळीच्या खोक्यातील कागदावर गर्भाशयाच्या कर्करोगाचा उल्लेख वाचला आणि धीरच खचला. आतेसासूबाई म्हणतात, हार्मोनने रोग झाला तर वर हार्मोनची गोळी कशाला? थायरॉइडचीसुद्धा बंद कर. माझ्या सख्ख्या चुलत्यांना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दर तीन महिन्यांनी हार्मोनचे इंजेक्शन देतात. हा रोग आमच्या माहेरच्या रक्तातच आहे का? मुलगी १७ वर्षांची आहे. माझी हार्मोन्स वाढली म्हणून हे झाले का, आणि गोळी बंद केली तर चालेल का?”

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सारे वाचेपर्यंत एखादा दिवसही गोळी चुकू नये असे मला वाटते. टॅमॉक्सिफेन स्वतःच्या मनाने बंद करू नका. तुमच्या अहवालातील ज्या ‘पॉझिटिव्ह’ने तुम्हाला धास्ती बसली आहे, तोच या गोळीचा आधार आहे. तो नसता तर ही गोळी तुम्हाला दिलीच गेली नसती, आणि ती नसती तर उपचारातला एक मोठा हिस्सा तुमच्या वाट्याला आला नसता.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे हे ‘८/८’ कुठून येते ते सांगणे मला सोपे आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे अतिशय पातळ काप काचपट्टीवर घेतात. त्यावर असे एक द्रव्य सोडतात, जे केवळ इस्ट्रोजेन या हार्मोनच्या रिसेप्टरलाच, म्हणजे पेशीत त्याला पकडणाऱ्या प्रथिनालाच, चिकटते (अहवालातील ‘ईआर’ म्हणजे हाच रिसेप्टर, आणि ‘पीआर’ म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा), आणि ते जिथे चिकटले असेल तिथे तपकिरी रंग चढवतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की रिसेप्टर नसलेल्या पेशींची केंद्रके निळसर दिसतात आणि असलेल्यांची गडद तपकिरी. रंग पेशीच्या कडेला किंवा भोवतालच्या द्रवात नसतो, तो नेमका केंद्रकात भरलेला असतो. किती पेशी रंगल्या यासाठी पाचपर्यंत गुण आणि रंग किती गडद आहे यासाठी तीनपर्यंत गुण देऊन त्यांची बेरीज करतात. तुमचे आठ म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक कर्कपेशी रंगल्या होत्या आणि त्याही गडद. आज एक टक्का पेशी रंगल्या तरी अहवाल ‘पॉझिटिव्ह’ धरतात; तुमचा अहवाल त्या काठावरचा मुळीच नाही.

आता हा रिसेप्टर काय करतो ते पाहू. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असल्याने पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतात. आत त्यांना पकडणारी प्रथिने असतात, ती म्हणजे हे रिसेप्टर. हार्मोन बसले की रिसेप्टरचा आकार बदलतो, दोन रिसेप्टर जोडीने एकत्र येतात, केंद्रकातील डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि मदतनीस प्रथिनांना बोलावून तिथली जनुके चालू करतात. म्हणून यांना केंद्रकीय रिसेप्टर म्हणतात. माणसाच्या शरीरात अशा रिसेप्टरांचे ४८ प्रकार आहेत, आणि थायरॉइड हार्मोन, कॉर्टिसॉल, ‘ड’ जीवनसत्त्व आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे आम्ल यांचे रिसेप्टरही याच कुटुंबातले. तुमच्या अहवालातील हर-टू मात्र या कुटुंबातील नव्हे. तो पेशीच्या आवरणावर बसतो, त्याची औषधे वेगळी, आणि तुम्हाला त्यांची गरज नाही.

हार्मोन रक्तातून सगळीकडे जाते, मग परिणाम ठरावीक अवयवांवरच का होतो? तुमच्याकडे पोफळीच्या बागेतून पाट वाहतो तेव्हा पाणी प्रत्येक झाडाजवळून जाते, पण ज्या आळ्याचे तोंड मोकळे असते तिथेच ते मुरते. रिसेप्टर म्हणजे ते मोकळे तोंड. शिकागो विद्यापीठातील एलवूड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हेच प्रयोगाने दाखवले. त्यांनी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांना दिले, तेव्हा ते गर्भाशयासारख्या अवयवांत साठून राहिले आणि इतर अवयवांतून निघून गेले. पेशीत या हार्मोनला धरून ठेवणारे काहीतरी आहे, हे त्यातून उघड झाले. आज तुमच्या काचपट्टीवर जी तपासणी होते तिचे मूळ या कामात आहे.

‘हार्मोन्स वाढली म्हणून हे झाले का’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथून मिळते, आणि ते बरेचसे ‘नाही’ असे आहे. निरोगी स्तनात इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असलेल्या पेशी बहुधा स्वतः विभागतच नाहीत. हार्मोनचा निरोप मिळाला की त्या शेजारच्या पेशींना वाढीचा संदेश देतात आणि आपण गप्प राहतात. कर्करोगात ही घडी मोडते. ज्या पेशीत रिसेप्टर आहे तीच पेशी त्याच हार्मोनच्या बळावर विभागू लागते. हार्मोन रोजचेच असते, प्रमाणही बहुतेक वेळा रोजचेच असते. बदललेली असते ती पेशी. प्रत्येक विभागणीच्या वेळी पेशीला डीएनएची सुमारे सहा अब्ज अक्षरांची नक्कल करावी लागते आणि त्यात चुका राहतात. त्यामुळे लवकर आलेली आणि उशिरा गेलेली पाळी, अंगावर कमी काळ पाजणे, पाळी गेल्यानंतर वाढलेले वजन, अशा ज्या गोष्टींनी स्तनावर इस्ट्रोजेनचा अंमल आयुष्यभरात अधिक काळ राहतो, त्यांनी धोका काहीसा वाढतो, एवढे खरे आहे. पण एका बाईला तो का झाला आणि तिच्या शेजारणीला का झाला नाही, हे यातल्या एका गोष्टीवर बोट ठेवून सांगता येत नाही. तुम्ही काही खाल्ले, काही चुकवले, म्हणून हे झाले असे कोणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका. मला अशा बोलण्याची चीड येते, कारण आजाराशी झगडणाऱ्या बाईवर त्यात आणखी एक ओझे लादले जाते.

आता आतेसासूबाईंच्या शंकेकडे येते, जी मुळात रास्तच आहे. टॅमॉक्सिफेनला सगळे ‘हार्मोनची गोळी’ म्हणतात, पण तिच्यात हार्मोन नसते. ती हार्मोनची जागा अडवणारी गोळी आहे. इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या खाचेत बसते तेव्हा रिसेप्टरचा एक लहानसा भाग झाकणासारखा मिटतो, आणि मिटलेल्या त्या झाकणावरच मदतनीस प्रथिने येऊन बसू शकतात. टॅमॉक्सिफेनही त्याच खाचेत बसते, पण तिचा एक लांब फाटा बाहेर डोकावत राहतो आणि झाकणाला मिटू देत नाही. मदतनीस प्रथिनांना जागा मिळत नाही आणि वाढीची जनुके चालू होत नाहीत. रिसेप्टर शाबूत असतो, हार्मोनही रक्तात असते, पण त्या दोघांची गाठ पडत नाही.

इंग्लंडमधील इम्पिरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत १९६२ साली हा पदार्थ तयार झाला तो गर्भनिरोधक म्हणून, आणि त्या कामी तो निरुपयोगी ठरला, कारण स्त्रियांमध्ये त्याने उलट बीजनिर्मितीला चालना दिली. त्याच्या कितीतरी आधी, १८९६ साली, ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यचिकित्सकाने पुढच्या टप्प्यात गेलेल्या स्तनाच्या कर्करोगात बीजाशये काढल्यावर काही स्त्रियांच्या गाठी लहान होतात, असे नोंदवून ठेवले होते. इस्ट्रोजेन तेव्हा कोणाला ठाऊकही नव्हते. त्या काळी बाईचे पोट उघडून जे साधावे लागे, ते स्तनापुरते आज एका स्वस्त गोळीने साधते, हे मला या शास्त्राचे फार मोठे देणे वाटते.

या गोळीचा लाभ किती, हे जगभरातील हजारो रुग्णांच्या एकत्रित पाहणीतून नीट मोजले गेले आहे. रिसेप्टर पॉझिटिव्ह असलेल्या स्त्रियांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतली, तर त्या पाच वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते, आणि पहिल्या पंधरा वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. गोळी पाच वर्षांनी थांबते, पण तिचा फायदा पुढेही टिकतो. असे असूनही अनेक स्त्रिया ती मध्येच सोडतात, आणि वाफांच्या त्रासाइतकेच त्याचे कारण खोक्यातला तो कागद असतो.

म्हणून त्या कागदाबद्दल जरा सविस्तर सांगते. त्यावर लिहिलेले खोटे नाही. स्तनात इस्ट्रोजेनला अडवणारी हीच गोळी गर्भाशयाच्या अस्तरात मात्र सौम्य इस्ट्रोजेनसारखी वागते. रिसेप्टर तोच, गोळी तीच, पण गर्भाशयाच्या पेशीतील मदतनीस प्रथिने वेगळ्या प्रमाणात असतात आणि अर्धवट झाकणावरही त्यांचे काम भागते. त्यामुळे अस्तर जाड होऊ शकते आणि क्वचित तिथे कर्करोग होतो. हा वाढीव धोका मुख्यतः पाळी गेलेल्या, पंचावन्नच्या पुढच्या स्त्रियांत दिसतो. तुमच्या वयाच्या, पाळी सुरू असलेल्या स्त्रियांत तो फारसा वाढलेला आढळत नाही. शिवाय गर्भाशयाचा हा कर्करोग रक्तस्रावाच्या रूपाने बहुधा लवकर कळतो आणि लवकर कळला तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो. स्तनाचा रोग परत आला आणि हाडांत किंवा यकृतात पसरला, तर तसे म्हणता येत नाही. हे दोन्ही धोके एकमेकांशेजारी ठेवून पाहिले की तुमच्या डॉक्टरांनी गोळी का लिहिली ते कळते.

दोन पाळ्यांच्या मधे रक्त गेले, पाळी नेहमीपेक्षा फार जास्त जाऊ लागली, किंवा वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर मात्र ‘बघू, गणपती होऊन जाऊ देत’ असे न म्हणता त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. काही त्रास नसताना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत बसण्याची गरज नाही. या गोळीने अस्तर तसेही जाडसर दिसते आणि त्यातून नाहक तपासण्यांचे शुक्लकाष्ठ मागे लागते. दुसरी खबरदारी रक्ताच्या गुठळीची. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा एकाएकी धाप लागली, तर रात्र असली तरी गाडी काढून रुग्णालय गाठायचे. चिपळूणहून मुंबईपर्यंतच्या लांब प्रवासात अधूनमधून उठून चालावे आणि पाणी पीत राहावे. कधी दुसरी शस्त्रक्रिया ठरली तर ही गोळी चालू आहे, हे तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगावे.

पाळीचा नेम नसला तरी गर्भ राहू शकतो, हे अनेक जणींना कोणी सांगतच नाही. या गोळीवर असताना गर्भ राहणे बाळासाठी धोक्याचे आहे. गर्भनिरोधक गोळ्यांत हार्मोन असते म्हणून त्या तुम्हाला चालणार नाहीत. तांबी किंवा निरोध चालेल.

वाफांचा त्रास मी हलका मानत नाही. कोकणातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात, त्यात रात्री वीज गेली तर, तो किती जिवावर येत असेल याची मला कल्पना आहे. पुष्कळ जणींत तो पुढे काहीसा ओसरतो. तोवर झोपताना सुती कपडे घालावेत, रात्रीचे जेवण लवकर आणि कमी तिखट असावे, चहाची वेळ आधी आणावी. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, कारण यावर औषधे आहेत. एक मात्र लक्षात ठेवा. टॅमॉक्सिफेनचे खरे प्रभावी रूप यकृतात तयार होते, आणि मन उदास असताना दिली जाणारी पॅरॉक्सेटिन व फ्लुओक्सेटिन ही औषधे त्या कामात अडथळा आणतात. म्हणून कोणतेही नवे औषध घेताना, मग ते झोपेचे असो वा नैराश्याचे, या गोळीचे नाव सांगायचेच. ‘बायकांच्या तक्रारींवर नैसर्गिक उपाय’ म्हणून विकली जाणारी भुकटी किंवा काढा घेऊ नका. त्यात इस्ट्रोजेनसारखे काय आहे हे डबीवर लिहिलेले नसते. जेवणातल्या सोयाबीनला मात्र घाबरू नका. कुळीथ, पावटे, मासे, नारळ हे तर नेहमीसारखेच खा.

थायरॉइडची गोळी बंद करण्याचा सल्ला मात्र साफ चुकीचा आहे. थायरॉइडचा रिसेप्टर याच कुटुंबातला असला तरी त्याचे हार्मोन वेगळे, डीएनएवरच्या जागा वेगळ्या आणि काम वेगळे. ती बंद केली तर थकवा, सूज आणि उदासी वाढेल, आणि दोष टॅमॉक्सिफेनला जाईल. या कुटुंबातले सगळेच हार्मोन कर्करोगाला खतपाणी घालते असेही नाही. काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात स्टेरॉइडचे औषध कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरमार्फत कर्कपेशींना मारते. रक्ताच्या आणखी एका कर्करोगात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या आम्लाचा रिसेप्टरच मोडून दुसऱ्या प्रथिनाला जोडला गेलेला असतो आणि पेशींची वाढ कोवळेपणीच अडते. १९८० च्या दशकात शांघायच्या डॉक्टरांनी तेच आम्ल औषध म्हणून दिले, आणि त्या पेशी प्रौढ होऊ लागल्या. म्हणजे कुठे रिसेप्टर अडवायचा असतो तर कुठे त्याला त्याचे द्रव्य भरपूर द्यायचे असते, आणि हा निर्णय गाठीचा किंवा रक्ताचा अहवाल पाहूनच होतो.

तुमच्या चुलत्यांचे इंजेक्शन हा याच गोष्टीचा पुरुषांतला भाग आहे. प्रोस्टेटच्या कर्कपेशी टेस्टोस्टेरॉनच्या रिसेप्टरवर जगतात. परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले त्याच वर्षी, १९४१ मध्ये, शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी वृषणे काढून किंवा इस्ट्रोजेन देऊन हा रोग मागे हटतो हे दाखवले, आणि १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले. इंजेक्शनही तेच साधते : मेंदूकडून वृषणांना जाणारा आदेश थांबवून टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नाहीसे करते. त्यांनाही अंगातून वाफा येत असतील, पण पुरुषमाणसे ते सहसा बोलत नाहीत. एकदा विचारून पाहा. त्यांची हाडे ठिसूळ होण्याची शक्यता असते, म्हणून रोज चालणे आणि डॉक्टर सांगतील तसे कॅल्शियम घेणे त्यांनी चुकवू नये.

रक्तातले काय, हा तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न. रिसेप्टर पॉझिटिव्ह असणे आईकडून मुलीकडे जात नाही. तो त्या गाठीचा गुण आहे. पण पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग आणि त्याच रक्ताच्या नात्यात प्रोस्टेटचा कर्करोग, असे दोन्ही असतील तर बीआरसीए या जनुकांची, विशेषतः त्यांतील दुसऱ्याची, तपासणी करून घ्यावी असे मला वाटते. ही जनुके केंद्रकीय रिसेप्टर नव्हेत. डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांची ती जनुके आहेत, आणि त्यांतला दोष बापाकडूनही तितकाच येतो जितका आईकडून. तपासणी आधी तुमची व्हायला हवी, मुलीची नव्हे. तुमच्यात दोष नाही असे निघाले तर मुलीला त्या तपासणीची सहसा गरज उरत नाही; निघाला तर ती सज्ञान झाल्यावर, तिला नीट समजावून, तिच्या इच्छेने करता येते. परळला टाटामध्ये यासाठी समुपदेशनाचा वेगळा विभाग आहे.

पुढच्या तपासणीला जाताना चुलत्यांच्या बायोप्सी अहवालाची प्रत सोबत न्या, आणि माहेरच्या बाजूला कोणाला, कोणत्या वयात, कुठला कर्करोग झाला याचे टिपण एका कागदावर करा. आत्या आणि आजी यांच्याबद्दल वडीलधाऱ्यांना आठवणीने विचारा. शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयातून तुमच्या गाठीचे मेणाचे ठोकळे कुठे आणि किती वर्षे जपून ठेवले जातात हे विचारून घ्या, कारण पुढे कधी नव्याने तपासणी लागली तर ती त्यांच्यावरच होते. वयाच्या चाळिशीत असलेल्या काही जणींना गोळीच्या जोडीला बीजाशयांचे काम तात्पुरते थांबवणारे इंजेक्शन देतात, तर काहींना गोळी पाचऐवजी दहा वर्षे सांगतात. तुमच्या बाबतीत काय ठरले आहे आणि का, हेही त्याच भेटीत विचारा. आणि मृगाच्या आधी तीन महिन्यांच्या गोळ्या घरात आणून ठेवा. पावसात घाट बंद पडला किंवा तालुक्याच्या दुकानातला साठा संपला, तरी तुमची गोळी चुकता कामा नये.